रॉ फोटोंची प्रिंटेबल पीडीएफ: एका क्लिकच्या साइट, डार्कटेबल आणि आयएमजी-टू-पीडीएफ

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण एवढा लांब रिव्ह्यू शेवटपर्यंत कोण वाचतंय. कॅमेऱ्यातल्या रॉ फाइलींची (सेन्सरने टिपलेला कच्चा डेटा) प्रिंटला देण्यासारखी पीडीएफ हवी असेल तर डार्कटेबल या रॉ एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो डेव्हलप करा, म्हणजे त्या डेटाचा बघण्याजोगा फोटो बनवा, तिथून जेपीईजी काढा आणि आयएमजी-टू-पीडीएफ नावाच्या पिटुकल्या कमांडने ते जेपीईजी एका फाइलीत बांधा. दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स, दोन्ही तुमच्याच मशीनवर चालतात. "फाइल इथे टाका आणि पीडीएफ डाउनलोड करा" वाल्या ज्या साइट आहेत त्या झटपट कोणाला दाखवायला चालतील, प्रिंटसाठी नाही म्हणजे नाही.

माझं काम तसं साधंच होतं. एका चित्रकार मैत्रिणीच्या कॅनव्हासचे फोटो, ट्रायपॉड लावून, रॉमध्ये काढलेले. तिला ए४ साइजचा कॅटलॉग हवा होता, एका पानावर एक चित्र, प्रिंटही निघाली पाहिजे आणि मेलनेही जाता आली पाहिजे. चित्रांच्या फोटोंचं एक बरं असतं किंवा वाईट म्हणा, रंग जरा इकडचा तिकडे झाला की लगेच पकडला जातो कारण मूळ चित्र समोर भिंतीला टेकवलेलंच असतं, आणि ज्याने ते काढलंय तो माणूस शेजारी उभा असतो.

आता आधी एक गोष्ट क्लिअर करू, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. रॉ फाइल हा फोटो नसतोच. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा यातला एकच फिल्टर असतो (कोडॅकच्या ब्राइस बायर यांची ही मांडणी, पेटंट १९७६चं, आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच), त्यात निम्मे ठिपके हिरवे, आणि उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून हिशोब करून भरायचे असतात. व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग बघून फोटोचे रंग जुळवणं) अजून लागलेला नसतो, फाइलीत नुसती नोंद असते. १४ बिटची रॉ असेल तर एका चॅनेलला (म्हणजे एका रंगाला) १६,३८४ पायऱ्या, जेपीईजीला २५६. म्हणजे कोणीतरी बसून ठरवायला लागतं की या १६ हजारांतलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं. आणि पीडीएफच्या बाजूने बघाल तर तिच्या आत फोटो ठेवायचे प्रकार स्टँडर्डमध्येच ठरवून दिलेत, जेपीईजी, जेपीईजी २०००, डिफ्लेट (झिपसारखं कॉम्प्रेशन) असे. सीआर३, एनईएफ, एआरडब्ल्यू (कॅनन, निकॉन, सोनीच्या रॉ फाइली) तिच्यात बसतच नाहीत. त्यामुळे "रॉ टू पीडीएफ" असं एक बटण जिथे दिसतं तिथे मध्ये एक अख्खी पायरी कोणीतरी तुम्हाला न विचारता उरकलेली असते. माझा सगळा रिव्ह्यू या एकाच मुद्द्यावर आहे, ती मधली पायरी तुमच्या हातात आहे की नाही.

साइटवाले ती दोन प्रकारे उरकतात.

पहिला प्रकार म्हणजे रॉला हातच लावायचा नाही. जवळजवळ प्रत्येक रॉ फाइलीच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेला एक तयार जेपीईजी असतो, मागच्या स्क्रीनवर तुम्ही बघता तो. साइट तोच बाहेर काढते आणि पीडीएफमध्ये चिकटवून देते, काम दोन सेकंदांत, तुम्ही म्हणणार वा काय फास्ट आहे. आता हा जेपीईजी केवढा असेल हे कॅमेऱ्यावर आहे. काहींमध्ये फुल साइजचा असतो, पण सोनीच्या बऱ्याच मॉडेलांच्या एआरडब्ल्यूमध्ये तो १६१६ बाय १०८० असतो. आडव्या ए४वर १० मिलिमीटर मार्जिन सोडून तो पसरवला की इंचाला १४८ पिक्सेल येतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ६००० बाय ४००० पिक्सेल, आणि पानावर त्यातले दोन मेगापिक्सेलसुद्धा नाहीत! मी वापरलेल्या एका साइटने (नाव नको) अगदी हेच केलं होतं, पान स्क्रीनवर झकास दिसत होतं आणि झूम केल्यावर कॅनव्हासचं विणकाम गायब, ब्रशचे फटकारे सगळे मेणासारखे गुळगुळीत.

हे डोळ्यांनी ओळखत बसायची गरज नाही. पॉप्लर नावाचं एक फुकट पॅकेज आहे, त्यात पीडीएफइमेजेस म्हणून कमांड आहे, तिला लिस्टचा ऑप्शन देऊन तुमची पीडीएफ दिली की प्रत्येक पानावरच्या फोटोची रुंदी, उंची, कलर, किती बिट, कोणतं एन्कोडिंग आणि पानावर प्रत्यक्षात किती पीपीआय (इंचाला पिक्सेल) पडतोय हे टेबलात येतं. कोणाकडूनही पीडीएफ आली की मी आधी ते टेबल बघतो, मग पानं. पीपीआयच्या कॉलमात २५०-३००च्या आसपास आकडा असेल तर पुढे बोलू, १५०च्या खाली असेल तर हातात धरून बघायच्या प्रिंटला ते पान नको.

दुसरा प्रकार म्हणजे साइट खरंच रॉ डेव्हलप करते पण सगळं डिफॉल्टवर सोडून. डीसीरॉ नावाचा एक जुना प्रोग्रॅम आहे, १९९७ पासूनचा, एकाच माणसाने लिहिलेला, आणि आज जगभरात जी रॉ उघडणारी सॉफ्टवेअर आहेत त्यातल्या कितीतरींच्या मुळाशी तो किंवा त्याच्यावरून पुढे निघालेली लिबरॉ ही लायब्ररी आहे. माणूस ग्रेट, वादच नाही. पण डीसीरॉ काही न सांगता नुसता चालवला तर कॅमेऱ्यात तुम्ही सेट केलेला व्हाइट बॅलन्स तो घेतच नाही, दिवसाच्या उजेडाचा एक ठरावीक बॅलन्स लावतो, आणि वर ब्राइटनेस आपल्या मनाने वाढवतो, इतका की साधारण एक टक्का पिक्सेल पांढरे फटक होऊन जातात. दोन्ही बंद करता येतं, त्याचे ऑप्शन आहेत, पण साइटवर तुम्हाला कोण विचारतंय. मग बल्बच्या उजेडात काढलेला फोटो हळद लावल्यासारखा पिवळा येतो आणि मुद्दाम गडद ठेवलेलं चित्र दुपारच्या उन्हात काढल्यासारखं. आमच्या कॅटलॉगमध्ये एक रात्रीचं चित्र आहे, जवळजवळ काळं, कोपऱ्यात फक्त गडद निळ्याच्या तीन-चार छटा. साइटच्या पीडीएफमध्ये तो काळा राखाडी झाला आणि निळ्याच्या जागी पट्टे पट्टे आले. मैत्रीण म्हणाली, हे माझं चित्रच नाहीये. आता यावर काय बोलणार.

प्रायव्हसीचा मुद्दा लोक नेहमी सोडून देतात म्हणून मध्येच लिहितोय. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या रॉ फाइलीत बॉडीचा सिरियल नंबर असतो, जीपीएस चालू असेल तर जागाही असते, आणि ती फाइल तुम्ही अनोळखी सर्व्हरवर चढवताय. शिवाय साइज. २४ मेगापिक्सेलची १४ बिट रॉ कॉम्प्रेस न केलेली असेल तर ४० एमबीच्या पुढेच जाते, अशा वीस-पंचवीस फाइली अपलोड करताना इंटरनेटची दमछाक होते आणि फुकट प्लॅनची लिमिट त्याच्या कितीतरी आधी संपते.

आता डार्कटेबल. आधीच सांगतो, पहिल्यांदा उघडल्यावर माणूस घाबरतो. मॉड्युलांची ही लांबलचक यादी, अर्ध्या नावांचा अर्थ लागत नाही, आणि रॉ उघडल्यावर फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसला होता तसा चकचकीत न दिसता जरा फिकट, दबलेला दिसतो. लोक इथेच सोडून जातात. पण तो फिकटपणा म्हणजेच कॅमेऱ्याचा मेकअप उतरवलेला आहे, आणि चित्रांचे फोटो असतील तर तुम्हाला तेच हवंय, कॅमेऱ्याने स्वतःच्या आवडीने लाल अजून लाल केलेला नकोय. मला या कामाला सात-आठ मॉड्युलं पुरली: व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर, लेन्स करेक्शन, सरळ करायचं, क्रॉप, थोडं शार्पनिंग, एवढंच साधारण. बाकीची शंभर गेली उडत.

दोन गोष्टींसाठी मी त्याला मनापासून मार्क देतो. एक, पर्स्पेक्टिव्ह सरळ करणं. कॅमेरा कॅनव्हासच्या अगदी समोर कितीही काळजीने लावा, चौकट किंचित तिरकी येतेच, वरची कड खालच्या कडेपेक्षा दोन मिलिमीटर लहान वगैरे, आणि छापलेल्या पानाची कड शेजारीच असल्यामुळे ते फारच खुपतं. रोटेट अँड पर्स्पेक्टिव्ह मॉड्युलमध्ये चित्राच्या कडांवरून रेषा ओढल्या की चौकट काटकोनात येते. दुसरं म्हणजे कॉपी-पेस्ट. सगळे फोटो एकाच लाइटमध्ये काढलेत ना, मग पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग मोजायचं साधं राखाडी कार्ड) ठेवून त्याच्यावरून व्हाइट बॅलन्स घ्यायचा, एक्स्पोजर नीट करायचं, आणि ती सगळी हिस्ट्री कॉपी करून बाकीच्या सगळ्यांवर पेस्ट. अख्खा कॅटलॉग एका रंगात येतो. मूळ रॉला धक्का लागत नाही, केलेले बदल शेजारी छोट्या एक्सएमपी फाइलीत जातात. कॅननची सीआर३ डार्कटेबल ३.८ पासून उघडते, पण नवीन कॅमेऱ्यांच्या काही खास कॉम्प्रेस केलेल्या रॉ फाइलींना फुकट सॉफ्टवेअरमध्ये सपोर्ट उशिरा येतो, तेव्हा अख्खं शूट करायच्या आधी एक फाइल उघडून बघा.

डार्कटेबलला स्वतःचा पीडीएफ एक्स्पोर्ट आहे, तो कोणी वापरताना दिसत नाही. फॉरमॅटच्या यादीत पीडीएफ निवडली की पेपर साइज, आडवं-उभं, बॉर्डर, डीपीआय (इंचाला किती ठिपके), फोटो पानाप्रमाणे फिरवायचा का, ८ बिट की १६ बिट, असं सगळं विचारतो. एक ड्राफ्ट मोडही आहे ज्यात फोटोंच्या जागी नुसते चौकोन येतात, लेआउट बघायला भारी. मग मी जेपीईजीचा वळसा का घेतला? तर फाइल साइज. तो पीडीएफमध्ये फोटो जेपीईजी करून ठेवत नाही, एकतर तसाच्या तसा ठेवतो किंवा डिफ्लेट करून, म्हणजे झिपसारखं. हिशोब करा, आडव्या ए४ची पूर्ण रुंदी ३०० डीपीआयने भरायची तर ३५०८ बाय २३३९ पिक्सेल, पिक्सेलला तीन बाइट, झाले साधारण २५ एमबी, आणि हे एका पानाचे. डिफ्लेटने फोटोत फार काही वाचत नाही, १६ बिट निवडलं तर दुप्पट. छापखान्याला पेनड्राइव्हवर द्यायला उत्तम, मेलने पाठवायला कठीण. तोच फोटो ९०-९५ क्वालिटीच्या जेपीईजीमध्ये थोड्याच एमबीत बसतो आणि ए४ प्रिंटवर फरक मला तरी दिसला नाही, मैत्रिणीलाही नाही, आणि तिची नजर माझ्यापेक्षा फार तिखट आहे.

आयएमजी-टू-पीडीएफ आवडण्याचं कारण ते काय करत नाही हे आहे. ते जेपीईजी उघडून परत कॉम्प्रेस करत नाही. फाइलीतले बाइट्स जसेच्या तसे उचलून पीडीएफच्या चौकटीत ठेवतं, बस. याउलट इमेजमॅजिकसारख्या सगळं करणाऱ्या टूलने जेपीईजीची पीडीएफ केली तर फोटो आधी डीकोड होतो आणि मग नव्याने एन्कोड होतो, म्हणजे जेपीईजीवर परत जेपीईजी. मघाचंच पीडीएफइमेजेस वापरून पीडीएफमधला फोटो परत बाहेर काढून बघा, आयएमजी-टू-पीडीएफवाला मूळ फाइलीइतकाच निघतो.

त्याच्या दोन खोडी मात्र आधी माहीत हव्यात. पानाची साइज सांगितली नाही तर ते जेपीईजीत लिहिलेल्या डीपीआयवरून पान ठरवतं, आणि तो आकडाच नसेल तर ९६ धरतं. ६००० पिक्सेल भागिले ९६ म्हणजे साडेबासष्ट इंच, सव्वापाच फूट रुंदीचं पान! स्क्रीनवर काही कळत नाही कारण व्ह्यूअर खिडकीत मावेल इतकं लहान करून दाखवतो, कळतं ते प्रिंटच्या दुकानात. तेव्हा पेजसाइज ए४ आणि बॉर्डर दोन्ही प्रत्येक वेळी हाताने टाकायचं, आडवं पान हवं असेल तर ए४च्या पुढे ते टोपीचं चिन्ह (^) आणि टी. दुसरं, बाइट्स जसेच्या तसे म्हणजे एक्झिफ (फोटोत कॅमेऱ्याने लिहिलेली माहिती) सुद्धा जसंच्या तसं, सिरियल नंबर, लोकेशन, सगळं पीडीएफच्या पोटात जातं. डार्कटेबलच्या एक्स्पोर्टमध्ये कोणता मेटाडेटा जाऊ द्यायचा ते निवडता येतं, तिथेच काढून टाका. कमांड लाइन आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांना माझं म्हणणं एवढंच, एक ओळ आहे हो, नोटपॅडमध्ये सेव्ह करून ठेवा आणि दर वेळी पेस्ट करा.

रंगांबद्दल थोडं. एक्स्पोर्ट करताना एसआरजीबी (सगळीकडे चालणारी नेहमीची कलर स्पेस) घ्या, जोवर प्रिंटवाला स्वतःहून दुसरं काही मागत नाही तोवर. अॅडोबी आरजीबीमध्ये (जास्त रंगांची कलर स्पेस) काढलेला फोटो आणि वाटेत कुठेतरी प्रोफाइल, म्हणजे रंग कसे वाचायचे याची नोंद, गळून पडलं की समोरचा प्रोग्रॅम त्याला एसआरजीबी समजतो आणि सगळे रंग मरगळलेले दिसतात, विशेषतः हिरवे. "पीडीएफ केल्यावर रंग उडाले" ही तक्रार जिथे जिथे वाचली तिथे निम्म्या वेळा हेच निघतं.

आणि पानाचं गणित. कॅमेऱ्याचा फोटो ३:२, ए४ १.४१४:१. जवळजवळ सारखे वाटतात पण नाहीत. आडव्या पानाची २९७ मिलिमीटर रुंदी पूर्ण भरली तर फोटोची उंची १९८ येते, पान २१०चं, म्हणजे वर-खाली ६-६ मिलिमीटरची पट्टी उरते आणि डाव्या-उजव्या बाजूला शून्य. हे फार विचित्र दिसतं, चुकून राहिल्यासारखं. शिवाय घरगुती प्रिंटर कडेचे काही मिलिमीटर छापतच नाहीत. एकतर चारी बाजूंनी चांगली १०-१५ची बॉर्डर द्या किंवा पान पूर्ण भरायचं तर डार्कटेबलमध्येच १.४१४ने क्रॉप करा, ६००० मधले साधारण ३४० पिक्सेल जातील. चित्रांचे फोटो असतील तर क्रॉपचा विषयच नाही, चित्रकार जीव घेईल. छापताना प्रिंटच्या डायलॉगमध्ये "फिट टू पेज" काढून १०० टक्के किंवा अॅक्च्युअल साइज करा, नाहीतर एवढं मोजूनमापून बसवलेलं पान प्रिंटर परत आपल्या हिशोबाने लहान करतो आणि मग पीडीएफ केल्याचा अर्थच काय.

बाकीचे पर्याय पटकन. मॅक असेल तर प्रिव्ह्यूमध्ये रॉ उघडून पीडीएफ काढता येते, एक-दोन फोटोंना मस्त. विंडोजवर प्रिंट टू पीडीएफ आहेच, पण मार्जिन आणि डीपीआयवर ताबा कमी. लाइटरूम क्लासिक ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांनी डार्कटेबलकडे यायची काही गरज नाही, त्याच्या बुक मॉड्युलमधून सरळ पीडीएफ निघते, कॅप्शनसकट. कॅप्शन हा आयएमजी-टू-पीडीएफचा मोठा कच्चा दुवा आहे, त्यात मजकूर टाकायची सोयच नाही. चित्राचं नाव, साल, माप खाली हवं असेल किंवा छापखान्याने पीडीएफ-एक्स (छपाईसाठीची खास पीडीएफ) मागितली, कडेला ३ मिलिमीटर ब्लीड (कापल्यावर जाणारी जादा कड) मागितलं, तर स्क्रायबस हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर घ्या, तोही फुकट आहे. शिकायला एक दुपार जाते पण पानावर काय कुठे बसणार ते मिलिमीटरमध्ये सांगता येतं. आमचा कॅटलॉग शेवटी तिथेच गेला कारण मैत्रिणीला प्रत्येक चित्राखाली दोन ओळी हव्या होत्या. जेपीईजी मात्र तेच, डार्कटेबलमधून काढलेले.

मार्क द्यायचे तर डार्कटेबलला पाचात साडेचार, अर्धा कापला तो मॉड्युलांच्या त्या यादीमुळे. आयएमजी-टू-पीडीएफला चार, कॅप्शन असती तर पाच दिले असते. एका क्लिकच्या साइटना प्रूफ म्हणून दोन आणि प्रिंट म्हणून शून्य.

हां आणि फाइलींना नावं देताना ००१, ००२ असे पुढे शून्य लावून द्या. कमांडला स्टार (*) टाकून सगळे जेपीईजी एकदम दिले की ते अक्षरांच्या क्रमाने जातात, १च्या मागे १०, ११, १२ आणि मग कुठेतरी २.